म्हाताऱ्या साहेबाची डायरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी हा विषय शिताफीनं टाळत आले — जणू त्याला ठाऊकच नसावा. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमची-माझी ओळख नाही. ओळख असती तर सांगितलं असतं का? नसतं. इतकं तरी मला स्वतःबद्दल कळतं.

सुरुवात तारेपासून करावी लागेल. मी बालाघाटात मराठी शाळेत शिकवत होते. छप्पन साली राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो, आणि आमच्या शाळेतले मराठीचे वर्ग एकेक करून आटत चालले, पण तो विषय वेगळा. आमच्या वॉर्डात कुणाकडे तार आली की ती थेट माझ्या दारात येई. तार इंग्रजीत असायची, आणि मास्तरीणबाईला इंग्रजी येतं, हे सगळ्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. आता तुम्हीच सांगा, तारेत असतं काय? चार शब्द. त्यातलं एक नाव, एक गाव. उरलेल्या दोन शब्दांत माणूस एक तर आजारी असतो, नाही तर गेलेला असतो, नाही तर येत असतो. शिवाय तार आणणाऱ्या पोस्टमनच्या चेहऱ्यावर अर्धा मजकूर आधीच वाचता येई. मॅट्रिकला इंग्रजीत मी दुसऱ्या खेपेला, तीही काठावर, पास झाले होते. पण तार मी एकही चुकवली नाही. आणि लोक म्हणत, बाईले इंग्रजी येते, तेव्हा मी हो कधी म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पदर सारखा करायचे आणि दुसऱ्या विषयाकडे वळायचे.

आमच्या मागच्या गल्लीत ठवकरकाका राहत. खाणमजुरांचे पुढारी, लाल झेंड्याचे. एकदा निवडून येऊन भोपाळला जाऊन आले होते, दोनदा पडले होते. पण आमच्याकडे एकदा आमदार झालेला माणूस मरेपर्यंत आमदारच असतो. शिक्षण मराठी चौथी. बोलायला लागले की मराठीत सुरू करून हिंदीत शिरत आणि जंगलातली माणसं समोर असली तर गोंडीतही दोन वाक्यं टाकत. इंग्रजीचं मात्र त्यांना भारी कौतुक, आणि थोडी धास्तीही. खाणीचे सगळे कागद इंग्रजीत असत ना.

एक दिवस काका किराणा दुकानात सुपारी घ्यायला गेले. खाणीवरचा कुणी गोरा इंजिनिअर गाशा गुंडाळून विलायतेला परत गेला होता आणि त्याची पुस्तकं रद्दीत निघाली होती. दुकानदार त्यातल्याच एका जाड पुस्तकाची पानं फाडून पुड्या बांधत होता. पुस्तकात एक फोटो होता. म्हातारा गोरा माणूस, बोट उंचावून बोलतोय, आणि समोर टोप्या घातलेले मजूर. टोप्या वेगळ्या, पण मजूर ते मजूरच, काकांनी ओळखले. शेवटची काही पानं तोवर गुळाबरोबर आणि शेंगदाण्यांबरोबर गावभर गेली होती. उरलेलं पुस्तक काका छातीशी धरून माझ्याकडे घेऊन आले.

मी पहिलं पान पाहिलं. नाव वाचता आलं. विलायतेच्या पार्लमेंटातल्या एका जुन्या डाव्या सभासदाची रोजनिशी होती ती. तारखेवार लिहिलेली, वर्षानुवर्षांची. हे मी काकांना सांगितलं, आणि त्यांचे डोळे असे चमकले की काय सांगू. "मतलब तो रोज काय करते, ते त्यानं लिहून ठेवलं? मोर्चात काय झालं, मालकासंगं काय बोलला, सारं?" मी म्हटलं, हो. "मंग बाई, हे तं वाचलंच पायजे. दर इतवारी तुम्ही वाचा, आम्ही आयकतो."

इथं मी म्हणायला हवं होतं — काका, मला तारेपुरतं येतं, एवढं जाड पुस्तक नाही येत. किती सोपं होतं ते! एक वाक्य. मी म्हटलं, "बघते."

पहिल्या रविवारी काकांच्या घराच्या पुढच्या छपरीत पंधरा-वीस माणसं जमली. सायकली भिंतीला टेकवलेल्या. काकू चहा ठेवत होत्या. एका कडेला खाणीवर हातोडीनं माल फोडणाऱ्या, काळा चांगला दगड वेगळा काढणाऱ्या बाया बसल्या होत्या, आणि त्यांच्यात पुढे यशोदाबाई. ही बौद्ध मोहल्ल्यात राहायची, माहेर भंडाऱ्याकडचं. पस्तिशीची असेल. हातांच्या रेघांत मँगनीजची काळी धूळ कायमची बसलेली. कितीही धुतले तरी ते हात तसेच. शाळेत कधी गेली नव्हती, पण तिच्यासारखे प्रश्न मला एकाही इन्स्पेक्टरनं विचारले नाहीत.

मी तीन दिवस डिक्शनरी घेऊन झटले होते. दीड पान झालं होतं, तेही अर्धवट. नुसती माणसांची नावं, कमिट्यांची नावं, आणि त्या नावांची आद्याक्षरं. मी सांगितलं, आज साहेब कमिटीला गेला. मग दुसऱ्या कमिटीला गेला. तिथं एकाशी वाद झाला. कशावरून, ते मला कळलं नव्हतं. छपरीत जांभया सुरू झाल्या. एक जण तर खांबाला टेकून घोरायला लागला. काका मात्र पुढे सरकून बसलेले. "अन् मंग?" त्यांनी विचारलं.

मग? मग पान संपलं होतं. मी त्या पानाकडे बघत राहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग साहेब घरी आला. त्याचा गुडघा दुखत होता."

सगळे जागे झाले. खरंच सांगते, खांबाला टेकलेला तो माणूसही.

"कोणता गुडगा?" यशोदाबाईनं विचारलं.

"डावा."

"माहाबी डावाच दुखते," ती म्हणाली आणि समाधानानं मागे सरून बसली.

माझं पहिलं खोटं ते. डावा गुडघा. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, इतक्या छोट्या जागेतून माणूस आत शिरतो? त्या वेळी मला काही वाटलं नाही. उलट घरी जाताना पाय हलके झाले होते. लोक जाताना एकमेकांशी साहेबाच्या गुडघ्याबद्दल बोलत होते. पुढच्या रविवारी एकानं निरगुडीचा पाला बांधायला सांगितलं — साहेबाला! मी म्हटलं, पुढे वाचून सांगते, बांधला का ते.

त्यानंतर सात-आठ महिने मी ती डायरी वाचली. म्हणजे रचली. पुस्तक मांडीवर उघडं, बोट ओळीवर, आणि तोंडातून माझाच साहेब. त्याची बायको होती, ती कोळसा जपून वापर म्हणून त्याला टोकायची. तो खाणीत उतरायचा, मजुरांच्या घरी जाऊन चहा प्यायचा, पार्लमेंटात मोठ्या लोकांना खडसावून यायचा, आणि घरी आल्यावर खडसावताना आवाज चढला म्हणून खंतावायचा. लोकांना राजकारणातलं काय हवं होतं? त्यांना हे हवं होतं. तिथं चूल असते का? मालकासमोर तिथले मजूर उभे राहतात की बसतात? साहेबाला कुणी शिव्या देतं का? ते प्रश्न मी आठवडाभर मनात घोळवायचे आणि रविवारी साहेबाकडून उत्तरं आणायचे. तुम्हाला हसू येईल, पण पुढच्या रविवारी साहेब काय करतो याची मला स्वतःलाही उत्सुकता असे.

आणि एक गोष्ट मी त्याच्या तोंडी घातली, तिचं काय करायचं ते मला आजही कळत नाही. एकदा गोष्ट लवकर आटपली. शेवट नीट होईना. मी म्हटलं, रोज पान संपताना साहेब एक ओळ लिहितो — आज काय चुकलं. त्या दिवशी साहेबानं लिहिलं होतं की एका म्हाताऱ्या मजुराला दारात ताटकळत ठेवलं, ते चुकलं.  काका बराच वेळ मान खाली घालून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून शंभर पानी वही आणली आणि स्वतःची डायरी लिहायला सुरुवात केली. तेव्हापासून न चुकता. शेवटी ती ओळ. आज काय चुकलं. ज्या बाईनं आयुष्यात स्वतःला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता, तिनं तो त्यांना शिकवला!

काका खाणीच्या गेटवरच्या सभांत साहेबाचा दाखला द्यायला लागले. "विलायतेचा एक म्हातारा साहेब हाय, मजुराचा माणूस, तो आपल्या डायरीत काय लिहिते..." मी एकदा रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकलं. लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही हो. अभिमान वाटला. छाती भरून आली होती माझी.

मग या बाया काम करत त्या खाणीत मशीन यायचं ठरलं.

खाणीचं नाव सांगत नाही. भरवेलीची मोठी खाण नव्हे. तिच्या पलीकडे, जंगलाच्या बाजूला, एक लहान खाण होती. आता ती बंदच आहे. मालकानं माल फोडायचं-चाळायचं मशीन आणायचं ठरवलं, आणि युनियनपुढे कागद ठेवला. माल फोडणाऱ्या बायांना कामावरून कमी करायचं, पुरुषांना हात लावायचा नाही. सही करा, नाही तर खाणीला कुलूप. काका दोन आठवडे नुसते इकडून तिकडे फिरत होते. जेवण कमी झालं. सही केली तर बाया उपाशी, न केली तर सगळेच. लोकांत दोन तट पडले. आणि एका गुरुवारी काका माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

"बाई," ते म्हणाले, "तिथंबी खाणी हायत. तिथंबी मशीन आलीच असन. साहेबावर असा टाइम आलाच असन. त्यानं काय केलं, ते पाहून ठेवजा जी. इतवारी सांगजा."

वर्गात मुलं पाढे म्हणत होती. मी मान हलवली.

त्या तीन दिवसांत मी खरंच शोधलं. हे मी माझ्या बाजूनं म्हणून सांगत नाही, घडलं तसं सांगते आहे. 'बायका' याचा इंग्रजी शब्द मला येत होता; मी पानापानांवर तो शोधत गेले. चार-दोन ठिकाणी सापडला. पण त्याच्या मागचं-पुढचं वाक्य काही केल्या उलगडेना. हायस्कुलात इंग्रजीचे एक मास्तर होते, चांगले बी. ए. झालेले. त्यांच्या घरापर्यंत गेलेही. पुस्तक पिशवीत होतं. त्यांच्या दारातून परत आले. का? काय होतं त्यात? त्यांनी चार पानं चाळली असती आणि म्हणाले असते, बाई, यात गुडघा कुठं आहे?

तेवढ्यासाठी. गुडघ्यासाठी मी परत आले.

रविवारी छपरी भरून माणसं रस्त्यावर उभी होती. बाया दाराशी बसलेल्या. मी मधलं कुठलं तरी पान उघडलं आणि सांगायला सुरुवात केली. साहेबाच्या भागातही मशीन आलं, मालकानं म्हटलं बायांना काढा. साहेब दोन दिवस जेवला नाही. मग त्यानं विचार केला की खाण बंद पडली तर सगळीच घरं बुडतील. आधी जे वाचतं ते वाचवावं. आणि काम वाढलं की आधी बायांनाच परत घ्यायचं, असं कबूल करून घेऊन त्यानं सही केली.

मी हेच का सांगितलं? उलटंही सांगता आलं असतं — साहेबानं सही केली नाही, लढला, जिंकला. माझ्या साहेबाला काय अशक्य होतं? मी यावर वर्षानुवर्षं विचार केला आहे. मी काकांचा चेहरा पाहिला होता. ते थकले होते, त्यांना सही करायची होती आणि कुणीतरी मोठ्यानं तसं म्हणायला हवं होतं. मी त्यांना हवं ते दिलं, जसं आठ महिने सगळ्यांना देत आले होते. आणि आमच्या घरचं कुणी त्या खाणीत नव्हतं. माझं काहीच जाणार नव्हतं. हे दुसरं कारण मी पहिल्याच्या मागे लपवत असते, पण खरं तेच असावं.

काकांनी सुस्कारा टाकला. ते काही बोलणार, तेवढ्यात यशोदाबाई उठून उभी राहिली. छपरीत ती नेहमी बसूनच बोलायची. त्या दिवशी उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "साहेबानं त्या बायाइले पुसलं काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे. मला हे विचारायचं सुचलंच नव्हतं. साहेबाला कसं सुचेल? मी पुस्तकावर वाकले. बोट ओळीवर ठेवलं, आणि ते बोट डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवलं, वाचल्यासारखं. दोन ओळी फिरवलं. हे बोटाचं जे आहे ना — ते मला सगळ्यात जास्त आठवतं. तोंडातून खोटं निसटतं म्हणतात. बोट कसं निसटेल?

"हो," मी म्हणाले. "विचारलं. त्या म्हणाल्या, सही करा."

"साऱ्याच म्हनल्या?"

"सगळ्याच."

ती खाली बसली नाही. "अन् मंग वापस घेतलं काय त्याइले?"

"ते शेवटच्या पानांत असेल," मी म्हणाले.

"ते तं गुळासंगं गेले," मागून कुणीतरी म्हटलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा लोक हसले. यशोदाबाईही हसली.

तेव्हा काकांनी बायांकडे वळून विचारलं. हो, त्यांनी विचारलं. साहेबानं विचारलं होतं म्हणून त्यांनीही विचारलं. "तुम्ही काय म्हनता?" बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. यशोदाबाई खाली बसत म्हणाली, "विलायतेच्या बायाइनं हौ म्हटलं, तं आमी काहून नाई म्हनाव? करा जी सही."

मी सवयीनं पानाचा कोपरा दुमडला आणि पुस्तक मिटलं. काकूंनी चहा दिला. मी तो प्याले.

सोमवारी सही झाली. पंधरा दिवसांत मशीन आलं आणि बाया घरी बसल्या. काम वाढलं, पण परत कुणालाच घेतलं नाही. त्या कागदावर फक्त 'विचार केला जाईल' असं लिहिलं होतं, आणि विचार करायला मालक मोकळाच होता. काका दर दोन-चार महिन्यांनी तो कागद घेऊन ऑफिसात जायचे आणि परत यायचे. यशोदाबाई बैहर रोडवर गिट्टी, म्हणजे रस्त्याची खडी, फोडायला लागली. खाणीतल्यापेक्षा उन्हाचं आणि हलाखीचं काम. तिची मोठी मुलगी माझ्या वर्गात तिसरीत होती. हुशार, आईसारखी विचारणारी. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. धाकट्याला सांभाळायला घरी राहिली. मी हजेरी घेताना तिचं नाव महिनाभर वाचत होते, मग मुख्याध्यापिकांनी ते कापायला सांगितलं. कापलं मीच.

रविवारचं वाचन मी बंद केलं. डोळे दुखतात म्हणाले. काकांनी आग्रह केला नाही. पुस्तक तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाले.

काही वर्षांनी काका गेले. तेराव्यानंतर काकूंनी त्यांच्या वह्यांचं गाठोडं माझ्याकडे आणून दिलं. "तुमच्या त्या पुस्तकापासूनच लागलं होतं त्याइले हे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच ठेवा." मला दुसऱ्याचं वाचायची पहिल्यापासून खोड. त्याच दुपारी वाचायला बसले. कोण भेटलं, कुठल्या गावाला बसनं गेलो, चहा कुणाकडे घेतला, भाषण कसं झालं, सगळं. अगदी साहेबासारखं. सहीच्या दिवशी शेवटी लिहिलं होतं: आज काय चुकलं — काही नाही, बायांना पुसून केलं. पुढच्या महिन्यात एकदा: आज काय चुकलं — बाया. मग चार दिवसांनी पुन्हा: बाया. मग ती ओळ बदलेना. सभा असो, लग्न असो, निवडणूक असो, दिवसभराचं सगळं लिहून झालं की खाली तो एकच शब्द. शेवटच्या वहीत अक्षर थरथरतं आहे, पण शब्द तोच. ती चूक त्यांची नव्हती. त्यांच्या वहीत ती पाचेक वर्षं रोज लिहिलेली होती, आणि माझी कुठं लिहिलेलीच नव्हती.

ते वाचल्यावर मी इंग्रजी शिकले. हसू नका. घरी अभ्यास करून परीक्षा दिल्या, त्याच हायस्कूलच्या मास्तरांकडे शिकवणीला गेले, आणि मग एक वर्षभर ते पुस्तक ओळीन् ओळ वाचलं. मला जाणून घ्यायचं होतं की माझ्या बोटाखाली त्या दिवशी काय होतं. तुम्हालाही वाटत असेल ना? त्या दुमडलेल्या पानावर साहेब एका गावातल्या गळक्या सभागृहाबद्दल कुरकुर करतो आहे, आणि आपली दाढ दुखते म्हणतो आहे. बस. उरलेल्या पानांत त्याचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते. बायको कोळशावरून काही बोलत नाही. खाणीतल्या बायांचं नाव नाही. एका सभेत बायका चहा देत होत्या, एवढाच उल्लेख. 'आज काय चुकलं' तर कुठंच नाही. माझा साहेब जास्त गोड होता. पण त्या खऱ्या साहेबाचं एक होतं. पाच-दहा पानांमागे तो लिहितो: मला माहीत नाही. अमक्यानं विचारलं, मी म्हणालो, मला माहीत नाही. इंग्रजीत तीन साधे शब्द आहेत ते. माझ्या तारेच्या इंग्रजीतही येत होते. त्या आठ महिन्यांत माझं बोट त्यांच्यावरून कितीदा गेलं असेल, आणि मी ते बिनकामाचे म्हणून सोडून पुढे गेले असेन.

आता उरलं ते सांगते. खरं तर सांगायचं होतं ते एवढंच.

परवाच्या परवा म्हणावं इतकं ते माझ्या डोळ्यांपुढे आहे, पण झाली त्याला काही वर्षं. थंडी सुरू झाली होती. बाजारात बस थांब्याच्या बाजूला एक बाई पोतं अंथरून उकडलेले शिंगाडे विकत होती. मी वाकले आणि हातांवरून ओळखलं. बाकी यशोदाबाई ओळखू आली नसती. केस पांढरे, डावा पाय पुढे लांब ठेवलेला. मी सरळ निघून जाऊ शकले असते. तिनं वर पाहिलं.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, आणि चेहरा असा उजळला तिचा, जणू माहेरचं माणूस भेटलं. घरचं विचारलं. काकांची आठवण काढली, भला माणूस होता म्हणाली. मुलीचं लग्न झालं, उकव्याला दिली म्हणाली. मग जरा पुढे सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, एक पुसू? इतके साल झाले, मनातच राह्यलं. ते शेवटचे पानं भेटले काय कधी?"

मला कळलं, ती काय विचारणार आहे.

समोर ती होती. छपरी नव्हती, लोक नव्हते, मांडीवर पुस्तक नव्हतं. मला इंग्रजी येत होतं आणि खरंही ठाऊक होतं. आता लपवायला कोणता गुडघा उरला होता?

"हो," मी म्हणाले. "भेटली."

"मंग? घेतलं वापस त्या बायाइले?"

"घेतलं."

"साऱ्याइले?"

"सगळ्यांना."

 दुखऱ्या पायावरून हात फिरवत राहिली.

"बरं झालं," ती म्हणाली. "त्याइचं तरी झालं."

मग तिनं शिंगाडे माझ्या पिशवीत घातले, आणि वरून आणखी एक मूठ. मी नको म्हणायला हात पुढे केला, आणि मग मागे घेतला. घरी आल्यावर ते आम्ही सगळ्यांनी खाल्ले. गोड होते.